वाचक विचारतात : चूल रानातली, पथ्य घरचं

थंडी सुरू झाली की पवना, मुळशी, पानशेतच्या काठांवर तंबू लागतात आणि आमच्याकडे सरपणापासून बर्फाच्या पेटीपर्यंत सगळ्या चौकश्या येतात. बहुतेकांना बाहेर गेल्यावर तळलेलं आणि पाकिटातलं खायचं नाही, पण चुलीचा हात बसलेला नाही. त्यातले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : आम्ही सहा जण पवनेच्या काठी मुक्कामाला जाणार आहोत. मागच्या खेपेला तुरीच्या डाळीची खिचडी टाकली. बुडाला करपली आणि वर डाळ कच्ची राहिली. चुकलं कुठे? सहा जणांचं प्रमाणही द्या. (कोथरूड)

उत्तर : दोन चुका झाल्या, एक जाळाची आणि एक डाळीची.

आधी जाळ. ज्वाळा पातेल्याच्या बुडाला एकाच जागी चाटते. पातळ ॲल्युमिनियमचं भांडं असेल तर तेवढा भाग रसरशीत तापतो आणि तळाशी बसलेला तांदळाचा लगदा तिथेच चिकटतो. म्हणून ज्वाळेवर फक्त पाणी उकळायचं, शिजवायचं ते निखाऱ्यावर. जेवायचं असेल त्याच्या दोन तास आधी आग पेटवा. सरपण मनगटाएवढं जाड, चांगलं वाळलेलं, शक्यतो बाभळीचं आणि विकत घेतलेलं असावं. एका जेवणाला सहा-सात किलो पुरतं. चुलीचे तीन दगड नदीपात्रातून किंवा धरणाच्या काठाच्या पाण्यातून उचलू नका. त्यांत ओल मुरलेली असते, ती तापून वाफ कोंडली की दगड फुटतो आणि कपच्या उडतात.

पाऊण तासात लाकडांचे निखारे होतात आणि त्यांवर पांढुरकी राख धरते. त्यातले निम्मे पातेल्याखाली ओढा, बाकी जाळ शेजारी चालू ठेवा. तळहात निखाऱ्यांवर वीतभर उंच धरून सावकाश आकडे मोजा. तीनच्या आत हात मागे घ्यावा लागला तर आच जास्त आहे, थोडे निखारे बाहेर काढा. सहापर्यंत धरवला तर खिचडीला ती आच बरोबर. दहापर्यंत धरवला तर नवे निखारे सारा.

आता डाळ. तूरडाळ उघड्या पातेल्यात तासाभरातही बोटचेपी होईलच असं नाही, आणि टोमॅटो किंवा चिंच आधी पडली तर ती आणखी अडून बसते. आंबटामुळे डाळ मऊ व्हायला वेळ लागतो. उंचीचाही थोडा हात असतो. पुणं ५६० मीटरवर आहे, इथे पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं. चौदाशे मीटरच्या आसपासच्या गडमाथ्यावर ते ९५ अंशांनाच उकळू लागतं. पवनेला हा फरक जाणवणार नाही, वर जाणवतो. दोन्हीकडे मुगाची डाळ घ्या.

सहा जणांना तांदूळ अडीच वाटी, मूगडाळ दीड वाटी. दोन्ही धुऊन अर्धा तास भिजवा. गाजर, फरसबी, मटार, दुधी मिळून पाऊण किलो भाजी घरूनच चिरून, कोरडी करून फडक्यात बांधून न्या. पालकाची जुडी वेगळी. पाणी सोळा वाट्या, म्हणजे तीन लिटरच्या जरा आत. उघड्या भांड्यातून वाफ जाते, म्हणून घरच्यापेक्षा हे जास्त आहे. पातेलं जाड बुडाचं आणि सहा-सात लिटरचं हवं. फोडणीला तेल तीनच लहान चमचे, त्यात जिरं, हिंग, हळद, तमालपत्र. त्यावर भाज्या परता, पाणी ओता आणि खळखळून उकळी येईपर्यंत ज्वाळेवरच ठेवा. मग भिजवलेले तांदूळ-डाळ, मीठ अडीच लहान चमचे आणि गोडा मसाला दोन चमचे. पहिली पाच मिनिटं तळापासून ढवळत राहा, चिकटायचं ते याच वेळात चिकटतं. मग पातेलं निखाऱ्यांवर घ्या, झाकण ठेवा, झाकणावरही चार निखारे. अर्ध्या तासाने पालक आणि टोमॅटो घालून आणखी दहा मिनिटं. वाढताना प्रत्येकी चमचाभर साजूक तूप घ्या. उघड्यावरच्या थंडीत तेवढं पोटात हवंच, पथ्याच्या नावाखाली ते टाळू नका.

एवढं करूनही करपल्याचा वास आलाच तर ढवळू नका. वरची खिचडी अलगद दुसऱ्या भांड्यात काढा, खरवड तिथेच राहू द्या. चमचा खालपर्यंत गेला की कडूपणा सगळीकडे पसरतो.

कुकर न्यावासा वाटेल. जाळावर त्याच्या दांड्या जळतात, रबर कडक होतं, आणि चुलीला बारीक करायचं बटण नसतं. नका नेऊ.

प्रश्न : घरी भाकरी बरी जमते. मुक्कामी मात्र थापतानाच तुटते. पीठ तेच, हात तोच. (सिंहगड रस्ता)

उत्तर : पीठ तेच म्हणता, पण ते दळून किती दिवस झाले? ज्वारीचं पीठ आठ-दहा दिवसांपुढे गेलं की त्याची विरी, म्हणजे चिकटून राहण्याचा गुण, जाते. घरी गरम पाणी हाताशी असतं म्हणून ते निभावून नेतं, तंबूबाहेर गार पाण्यात मळलं की तडे जातात. ताजं दळून न्या आणि पाणी उकळतं घ्या : वाटीभर पिठाला पाऊण वाटीने सुरुवात करा, चमच्याने कालवून झाकून ठेवा, कोमट झालं की तळव्याने रगडून मळा. तवा लोखंडी किंवा बिडाचा. तो पुरेसा तापला की भाकरी टाका, वरच्या बाजूला लगेच पाणी फिरवा आणि ते सुकायच्या आत उलटा. पाणी सुकून गेलं तर भाकरीला भेगा पडतात. दुसरी बाजू भाजली की तवा उतरवून पहिली बाजू निखाऱ्यांसमोर दगडाला टेकवून उभी धरा. राखेत आडवी टाकलेली भाकरी फुगते खरी, पण दातांखाली कचकच येते.

इतका खटाटोप नको असेल तर भाजणी न्या. माणशी साठ ग्रॅम भाजणी, एक कांदा, मूठभर मेथी किंवा कोथिंबीर, तीळ, आणि तव्यावर चमचाभर तेल. थालीपिठाला मध्ये भोक पाडायला विसरू नका, आच सारखी नसलेल्या चुलीवर त्याच भोकातून वाफ सुटते आणि मधला भाग कच्चा राहत नाही. हरभऱ्या-उडदाची डाळ भाजणीतच असल्याने वेगळ्या वरणाची गरज उरत नाही. आमचं मत विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्याने भाकरीच्या वाटेला जाऊच नये.

प्रश्न : तेल-पाणी अजिबात न घालता मडक्यात करतात तो अलिबागकडचा प्रकार इकडे करता येईल का? (औंध)

उत्तर : तुम्ही पोपटीबद्दल विचारता आहात, आणि चुलीवरच्या पथ्याच्या जेवणात तिला तोड नाही. हंगाम वालाच्या शेंगांचा, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी. मध्यम मडक्याला दीड-दोन किलो कोवळ्या, भरलेल्या शेंगा, लहान बटाटे आणि रताळी, सहा अंडी, दोन चमचे जाडं मीठ आणि एक चमचा ओवा लागतो. तळाशी भांबुर्ड्याचा पाला दाबून बसवायचा, मग शेंगा-बटाट्यांचे थर, मध्ये अंडी, दर थरावर मीठ-ओवा, आणि तोंडाशी पुन्हा पाला, इतका घट्ट की मडकं उलटं केलं तरी काही घसरू नये. शेंगांची स्वतःची ओल आणि पाल्याची वाफ एवढ्यावर सगळं शिजतं.

मडकं उपडं ठेवून भोवती आणि वर गवत, काटक्या, गोवऱ्या रचून पेटवा. अर्धा ते पाऊण तास जाळ सगळ्या बाजूंनी सारखा राहायला हवा. बहुतेकांची पोपटी एका अंगाला कच्ची राहते ती वाऱ्यामुळे : जाळ एकीकडे झुकतो. वाऱ्याच्या बाजूला दोन दगड लावा. झाली का हे पाहायला मडक्यावर पाण्याचे थेंब उडवा, चर्र होऊन क्षणात सुकले तर उतरवा. मडकं नवं असेल तर आदल्या रात्री पाण्यात भिजवून वाळवून घ्या आणि तापलेल्यावर गार पाणी ओतू नका, तडकेल.

पाल्याचं नाव विसरत असाल तर शिवाजीनगरचं जुनं नाव आठवा, भांबुर्डे. ओळखणारं कुणी सोबत नसेल तर रानातला अनोळखी पाला मडक्यात घालू नका. केळीचं पान वापरा, वास वेगळा येईल पण पोपटी होईल.

प्रश्न : रात्री निखाऱ्यावर कोंबडी भाजायची आहे. घरून निघून जेवेपर्यंत सात-आठ तास जातील. (हडपसर)

उत्तर : दही, लसूण, हळद, तिखट लावून आदल्या रात्री फ्रीजरमध्ये गोठवा आणि बर्फाच्या पेटीत सगळ्यात खाली ठेवा. पेटी दर अर्ध्या तासाला सरबतासाठी उघडली तर बर्फ संध्याकाळपर्यंत टिकणार नाही, पेयांची पिशवी वेगळी करा. बाहेर काढलेली कच्ची कोंबडी दोन तासांपलीकडे ठेवू नका, दुपारच्या कडक उन्हात तासच धरा. कातडं काढून टाका. त्यातली चरबी निखाऱ्यावर ठिबकली की ज्वाळा उठते, आणि तो धूर नि काळा थर दोन्ही प्रकृतीला वाईट. हाडाजवळचं मांस गुलाबी दिसलं तर परत आचेवर. थर्मामीटर असेल तर आत ७४ अंश दिसले पाहिजेत. सळया घरूनच न्या, जागेवर फांदी तोडू नका. कण्हेर विषारी आहे आणि बिब्ब्याच्या चिकाने अंग भाजतं.

प्रश्न : फॉइलमध्ये भाज्या गुंडाळताना लिंबू पिळलं तर चालतं का? (पिंपरी)

उत्तर : नको. आंबट आणि मीठ मिळून गरम ॲल्युमिनियमला खातात. लिंबू पानात वाढल्यावर पिळा. वांगं, रताळं, कणसाला तर फॉइल लागतच नाही. वांग्याला मात्र चार टोचे मारा, नाहीतर फुटतं.

प्रश्न : राजगडावर मुक्काम करून चूल मांडली तर? (कर्वेनगर)

उत्तर : मांडू नका. राखीव वनात आग पेटवणं हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे, अभयारण्यांना १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागतो, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर वाळलेल्या गवताला एक ठिणगी पुरते. गडावर दडपे पोहे करा. पातळ पोहे, ओलं खोबरं, कांदा, काकडी, भाजलेले दाणे, लिंबू, आणि वरून घरून डबीत आणलेली फोडणी. नारळ घरी खवून नेऊ नका, लवकर आंबतो. आख्खा न्या, जागेवर फोडा. टाक्यातलं पाणी मात्र थेट पिऊ नका. फडक्याने गाळून छोट्या गॅसवर एक मिनिटभर खळखळून उकळायचं, आणि त्यासाठीही तिथल्या वनखात्याला विचारून घ्यायचं.

प्रश्न : जेवणानंतर निखारे उरतात. थंडीत ते शेगडीत घालून तंबूत ठेवले तर ऊब राहील का? (बाणेर)

उत्तर : ठेवू नका, चेन उघडी ठेवूनही नाही. धुमसत्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो, झोपेत कळत नाही आणि माणसं उठत नाहीत. निखारे बाहेरच विझवा. माती लोटून मोकळं होऊ नका, मातीखाली ते सकाळपर्यंत जिवंत राहतात. पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता, आणि हाताची मागची बाजू जवळ नेऊन धग लागत नाही ना ते बघा. ऊब हवी असेल तर त्याच चुलीवर तापवलेलं पाणी बाटलीत भरून पायाशी घ्या.

प्रश्न : काळी झालेली पातेली घासून हात दुखतात. (धनकवडी)

उत्तर : चुलीवर चढवण्याआधी बाहेरून ओल्या मातीचा किंवा राखेचा पातळ लेप द्या. काजळी त्यावर बसते आणि लेपासकट निघते. आतून लावू नका, हे सांगायला नको, पण गेल्या वर्षी एका पत्रात तशी तक्रार आली होती.