इंग्लंडमध्ये घर घेण्यापूर्वी टेस्कोविषयी काय जाणून घ्यावे

सप्रेम नमस्कार. आपण पत्नी आणि मुलीसह पुण्याहून इंग्लंडला येत आहात. टेस्को या ब्रिटनमधील किराणा साखळीच्या दुकानाजवळ घर भाड्याने घेतल्यास किराणा स्वस्तात होईल का आणि पत्नीला तेथे काम मिळू शकेल का, असे आपण विचारले आहे. नुसते टेस्को जवळ असणे पुरेसे नाही. ते मोठे दुकान आहे की ‘एक्स्प्रेस’ नावाचे छोटे, आणि त्याच परिसरात आल्डी किंवा लिडल यांपैकी एखादे स्वस्त दुकान आहे का, हे भाडेकरार करण्यापूर्वी अवश्य पाहावे. याची कारणे या कंपनीच्या वाटचालीत आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

जॅक कोहेन यांनी १९१९ मध्ये पूर्व लंडनच्या बाजारात युद्धानंतर उरलेला किराणा विकण्यापासून या व्यवसायाची सुरुवात केली. १९९५ मध्ये सेन्सबरीज या प्रतिस्पर्धी साखळीला मागे टाकून टेस्को ब्रिटनमधील सर्वांत मोठी किराणा साखळी झाली. त्याच सुमारास दोन गोष्टी घडल्या. १९९४ च्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये २८० चौरस मीटरहून मोठ्या दुकानांना रविवारी केवळ सहा तास विक्रीची परवानगी दिली, लहान दुकानांना मात्र ही मर्यादा नव्हती. शिवाय शहराबाहेर प्रचंड दुकाने उभारण्यास परवानग्या मिळणे कठीण होत गेले. त्यामुळे कंपनीने गल्लोगल्ली छोटी एक्स्प्रेस दुकाने काढली. ती रात्री उशिरापर्यंत उघडी असतात, परंतु तेथे निवड कमी आणि अनेक वस्तूंचे भाव मोठ्या दुकानापेक्षा चढे असतात. आपल्यासारख्या, सुरुवातीला गाडी नसलेल्या कुटुंबाचा खर्च नेमका येथेच वाढतो, आणि घर दाखवणारा दलाल ही गोष्ट सांगत नाही.

परदेशातील विस्तार मात्र सर्वत्र साधला नाही. अमेरिकेत २००७ मध्ये सुरू केलेला उद्योग २०१३ मध्ये सोडावा लागला. पुढे दक्षिण कोरिया, थायलंड आणि मलेशियातील व्यवसायही विकले गेले. भारतात टाटांच्या ट्रेंट या किरकोळ विक्रीच्या कंपनीशी २०१४ मध्ये भागीदारी झाली, आणि पुण्यात आपल्या परिचयाचे असलेले स्टार बझार त्याच भागीदारीतून चालते. त्याच वर्षी ब्रिटनमधील नफा सुमारे २५ कोटी पौंडांनी फुगवून दाखवल्याचे उघड झाले आणि कंपनीची पत फार खालावली. दुसरीकडे आल्डी आणि लिडल या जर्मन साखळ्या मोजक्याच वस्तू, बहुतांश स्वतःच्या नावाने, कमी भावात विकून ग्राहक खेचत होत्या. २०२३ च्या वसंतात खाद्यपदार्थांची महागाई १९ टक्क्यांवर गेली, तेव्हा ही ओढ अधिकच वाढली.

टेस्कोने याला दिलेले उत्तर आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. काही वस्तूंचे भाव ती आल्डीइतके ठेवते, आणि अनेक सवलती केवळ क्लबकार्ड, म्हणजे टेस्कोचे ग्राहक-सवलत कार्ड, असणाऱ्यांनाच देते. हे कार्ड विनामूल्य आहे; पत्ता मिळताच ते काढावे, कारण एकाच फळीवर दोन भाव लिहिलेले असतात आणि कार्ड नसणाऱ्याला चढा भाव द्यावा लागतो. नव्याने आलेल्यांना, ज्यांना प्रत्येक पौंड मोजावा लागतो, असा दुहेरी भाव लावणे मला अन्यायाचे वाटते. सवलतीच्या पिवळ्या पाटीपेक्षा तिच्याखाली बारीक अक्षरांत दिलेला दर किलोचा भाव पाहण्याची सवय लावून घ्यावी.

दूध, पाव, अंडी आणि भाज्या आल्डी-लिडलमधून, उरलेले मोठ्या टेस्कोतून आणि तूरडाळ, पोहे, ज्वारीचे पीठ भारतीय दुकानातून, अशी विभागणी मला सर्वांत परवडणारी वाटते. लेस्टरचा बेलग्रेव्ह रोड किंवा लंडनमधील वेंब्लीजवळ राहणार असाल, तर शेवटच्या गोष्टीची चिंता नको.

आता कामाविषयी. आपला व्हिसा स्किल्ड वर्करचा, म्हणजे कुशल नोकरीसाठी मिळणारा, असल्यास सोबत येणाऱ्या पत्नीला नोकरी करता येते. टेस्कोत ब्रिटनमध्ये सुमारे तीन लाख लोक काम करतात. परंतु ग्राहक स्वतःच बिल करतात अशी यंत्रे वाढल्यामुळे गल्ल्यावरचे काम घटले आहे. ऑनलाइन मागण्यांचा माल फळ्यांवरून गोळा करण्याचे काम मात्र मिळते. ते बहुधा पहाटे सुरू होते आणि त्याचे तास आठवड्याला थोडेच असू शकतात. मुलीच्या शाळेच्या वेळा आणि पहाटेची बससेवा पाहूनच पत्नीने अर्ज करावा. नाताळापूर्वीच्या हंगामी भरतीसाठी शरद ऋतूतच कंपनीच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवावे.