मुद्देमालाचा चार्ज घेताना

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. ठाणेदार साहेबांनी तुझ्याकडे मुद्देमालाचा, म्हणजे गुन्ह्यांत जप्त झालेल्या वस्तूंच्या खोलीचा, चार्ज दिला आणि बीट, तपास, बंदोबस्त सोडून एका कोंदट खोलीत बसवल्यासारखे तुला वाटले, हे वाचून मला नवल वाटले नाही. ग्रामीण ठाण्यात ही नेमणूक सहसा कोणी मागून घेत नाही. तरीही मी इतकी वर्षे हेच काम केले आणि ठाण्यातल्या सर्वांत जबाबदारीच्या कामांत मी ते मोजतो. त्या खोलीतली एकही वस्तू पोलिसांची नसते. न्यायालय आदेश देऊन ती सरकारजमा करत नाही, तोवर ती कोणाची तरी असते. ती कोणाची हे ठरेपर्यंत आपण फक्त तिचे राखणदार असतो. पुढचे सगळे मी याच एका गोष्टीला धरून लिहीत आहे.

आधीच्या अंमलदाराची बदली झाली आहे आणि तो घाईत आहे, असे तू लिहिले आहेस. त्याची घाई तुझी होऊ देऊ नकोस. मुद्देमाल रजिस्टर आणि वस्तू समोरासमोर ठेवून, गुन्ह्याच्या नंबरप्रमाणे एकेक नोंद ताडून पाहा. जी वस्तू रजिस्टरला आहे पण खोलीत नाही, ती कोर्टात नाझराकडे (कोर्टातला माल सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याकडे) जमा आहे, प्रयोगशाळेत गेली आहे की सुपूर्दनाम्यावर, म्हणजे कोर्टाच्या आदेशाने सांभाळण्यासाठी, मालकाला दिली आहे, याची पावती माग. पावती मिळाली नाही तर चार्ज यादीत त्या नोंदीपुढे तसे स्पष्ट लिही आणि ठाणेदार साहेबांची सही घे. उलट प्रकारही आढळेल. वस्तू पडून असेल आणि तिच्यावर लेबल नसेल. तीही यादीत वेगळी दाखव. या मोजणीला आठवडा लागला तर लागू दे. लोकसेवकाकडे विश्वासाने सोपवलेल्या मालाचा अपहार झाला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, आणि चार्ज यादीवर तुझी सही झाली की प्रश्न आधी तुलाच विचारला जाईल.

आता रोजच्या कामाचे सांगतो. तपासी अंमलदार रात्री उशिरा येतो, पिशवी टेबलावर ठेवतो आणि ‘सकाळी नोंद घे’ म्हणतो. नोंद त्याच वेळी घे. जप्ती पंचनाम्यातले वर्णन आणि समोरची वस्तू जुळते का ते बघ, पंचांच्या सह्यांचे लेबल आणि सील शाबूत आहे का ते बघ आणि मगच मुद्देमाल नंबर टाकून स्टेशन डायरीत वेळ लिही. दागिन्यांच्या बाबतीत तर डोळ्यांवर कधीच भरवसा ठेवू नकोस. पंचनाम्यात ‘पिवळ्या धातूचे डोरले, काळ्या मण्यांत ओवलेले’ असे लिहिण्याची आपली पद्धत आहे, ती यासाठीच. ते सोने आहे की नाही हे सोनाराने पंचांसमक्ष तपासेपर्यंत आपल्याला माहीत नसते. वजन मण्यांसह किती आणि मण्यांशिवाय किती, ते वेगवेगळे लिहून घे. पंचनाम्यात एक आकडा आणि कोर्टाच्या पावतीवर दुसरा आकडा आला, तर फरक मण्यांचा होता हे चार वर्षांनी कोणाला आठवणार नाही, आणि ज्या बाईचे ते डोरले आहे तिच्या मनात पोलिसांबद्दल कायमचा संशय राहील.

रोख रकमेचे नोटनिहाय विवरण आणि शक्य असेल तिथे नोटांचे क्रमांक लिहून घे. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा देशभरातल्या मुद्देमाल खोल्यांत अशा नोटा सीलबंद पडल्या होत्या. पुढे २०१७ मध्ये केंद्राने जप्त नोटांसाठी वेगळे नियम केले आणि न्यायालयाने परत दिलेल्या नोटा बदलून मिळण्यासाठी त्यांचे क्रमांक तपास यंत्रणेने नोंदवलेले असणे ही अट ठेवली. ज्या ठाण्यात क्रमांक लिहिलेले होते, तिथल्या फिर्यादीचा मार्ग मोकळा होता. म्हणून रोख रक्कम जप्त झाली की ती लवकरात लवकर कोर्टाच्या आदेशाने जमा करण्यामागे लाग.

रक्ताचे कपडे हा आपल्या भागात फार चुकणारा विषय आहे. पावसाळ्यात शेतातल्या भांडणातून झालेल्या खुनाच्या गुन्ह्यात शर्ट, धोतर, कुऱ्हाड येते. कपडे ओले असतात आणि गडबडीत कोणीतरी ते प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून गाठ मारतो. आठ दिवसांत त्यावर बुरशी चढते आणि नागपूरच्या किंवा अमरावतीच्या न्यायसहायक प्रयोगशाळेला तपासायला नीट काही उरत नाही. असे कपडे सावलीत, वारा असेल तिथे, एकमेकांना न चिकटता वाळू द्यायचे. उन्हात घालायचे नाहीत. वाळल्यावर प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पाकिटात, आणि मग लेबल, सही, सील. पाकिटे कधीही थेट जमिनीवर किंवा भिंतीला लागून ठेवू नकोस, कारण उधई (वाळवी) आधी कागद खाते आणि मग त्यावरचा गुन्हा नंबर. मे महिन्यात टिनाखालच्या खोलीत पाकिटांवर पाकिटे रचली, तर लाखेचा ठसा चपटा होतो आणि साक्षीच्या वेळी आरोपीचे वकील नेमका तोच ठसा तुझ्यापुढे धरतात. लोखंडी रॅक, डांबराच्या गोळ्या आणि महिन्यातून एकदा पूर्ण खोली झाडून घेणे, एवढे कर. प्रयोगशाळेकडे नमुने नेणारा अंमलदार कोण, तो किती वाजता निघाला आणि पोचपावती घेऊन कधी परतला, या तिन्ही गोष्टी रजिस्टरला हव्यातच. वस्तू हातोहात कशी गेली याची साखळी एका ठिकाणी तुटली, तर बाकीचा सगळा तपास चांगला असूनही आरोपीला संशयाचा फायदा मिळतो.

तुझ्या ठाण्याच्या आवारातल्या गाड्यांविषयी मला सर्वांत जास्त लिहायचे आहे. अपघातातल्या, चोरीतल्या, दारूच्या केसमधल्या, रेतीच्या कारवाईतल्या अशा मोटारसायकली आणि ट्रॅक्टर पावसात उभे आहेत, त्यांत गवत वाढले आहे, असे तू लिहिले आहेस. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच, सुंदरभाई अंबालाल देसाई यांच्या प्रकरणात सांगितले आहे की असा मुद्देमाल ठाण्यात पंधरा दिवस ते एक महिना यापेक्षा जास्त ठेवू नये. पंचनामा करावा, फोटो काढावेत, बंधपत्र घ्यावे आणि वाहन हक्कदाराच्या ताब्यात द्यावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हीच दिशा आणखी पक्की झाली आहे. कलम ४९७ प्रमाणे माल न्यायालयापुढे हजर केल्यापासून चौदा दिवसांत न्यायालयाने त्याचे विवरण तयार करायचे, फोटो किंवा व्हिडिओ घ्यायचा आणि विवरणानंतर तीस दिवसांत त्याची विल्हेवाट, हक्कदाराला परत देणे किंवा नाश याचा आदेश द्यायचा आहे. ते फोटो आणि विवरण पुढे पुरावा म्हणून चालतात, त्यामुळे ‘खटला संपेपर्यंत गाडी लागेल’ हे जुने उत्तर आता देता येत नाही. मात्र हे दिवस माल न्यायालयापुढे हजर केल्यावरच मोजायला लागतात, आणि हजर करण्याचा अहवाल तुझ्याच टेबलावरून निघतो.

ज्याची गाडी अडकली आहे, तो कास्तकार बहुतेक वेळा गेटपाशी उभा राहून कोणाला तरी विचारतो आणि कोणीतरी त्याला ‘कोर्टातून आण’ एवढेच सांगते. कोर्टातून काय आणायचे हे त्याला कळत नाही. मग तो मध्यस्थ शोधतो, पैसे देतो, आणि ते पैसे पोलिसांनी घेतले असे गावभर होते. तू त्याला बसवून सांग: आरसी, विमा, आधार घेऊन न्यायालयात अर्ज करावा लागतो, न्यायालय ठाण्याचे म्हणणे मागवते, ज्याला कोर्टात सगळे ‘से’ म्हणतात, आदेश झाला की बंधपत्र देऊन सुपूर्दनाम्यावर गाडी मिळते. आपला ‘से’ लवकर जाईल याकडे लक्ष दे. अपघाताच्या गाडीची आरटीओच्या निरीक्षकाकडून तपासणी राहिली असेल, तर त्यासाठी तपासी अंमलदाराच्या मागे लाग. कर्जावर घेतलेला ट्रॅक्टर ऐन पेरणीत आवारात उभा राहिला, तर त्या घराचे वर्ष जाते. आणि अजून गुन्हा शाबीत व्हायचा असतो. रेतीच्या गाड्यांत मात्र आधी बघ, की कारवाई तहसीलदारांची आहे की आपली. महसुलाने जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली पकडून केवळ सांभाळायला ठेवलेली गाडी महसुलाच्या सक्षम अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाशिवाय सोडता येत नाही, आणि आपल्या गुन्ह्यातली गाडी तहसीलदारांच्या पत्रावर सोडता येत नाही.

दारूबद्दल तुला सांगायला नको. वर्धा आणि गडचिरोलीत दारूबंदी आहे, चंद्रपुरात २०१५ पासून २०२१ पर्यंत होती, आणि या जिल्ह्यांतल्या मुद्देमाल खोल्या पेट्यांनी आणि डब्यांनी भरत आल्या आहेत. मोहा सडवा (दारू गाळण्यासाठी आंबवलेली मोहफुले) जागीच नष्ट केला असेल, तर नमुना किती काढला, उरलेला किती होता आणि कसा नष्ट केला हे पंचनाम्यात आहे का ते पाहूनच नोंद घे. विदेशी दारूच्या पेट्यांचे नमुने गेले की नाशाच्या परवानगीचा अर्ज लगेच पाठव. बाटल्या फुटतात, लेबले कुजतात, आणि संख्या कमी भरली की बोट आपल्याच माणसांकडे दाखवले जाते. गांजाचेही तसेच. ओला गांजा वाळला की वजन घटते, म्हणून मादक पदार्थ कायद्याच्या कलम ५२-अ प्रमाणे दंडाधिकाऱ्यांसमक्ष यादी, फोटो आणि नमुने करण्यात एक दिवसही दवडू नये. २०२२ च्या नियमांत गांजाचा प्रत्येक नमुना किमान २४ ग्रॅमचा सांगितला आहे.

जनावरे पकडली गेली तर त्यांना ठाण्यात बांधून ठेवता येत नाही. त्याच दिवशी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांची तपासणी आणि गोरक्षणाची, म्हणजे गोशाळेची, पावती व्हायला हवी. प्रत्येक बैलाचा रंग, शिंगे, कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक आणि फोटो घे. ‘पांढरे बैल, नग सहा’ अशा नोंदीवरून पुढे कोणता बैल कोणाचा हे सांगता येत नाही, आणि एखादे जनावर गोरक्षणात दगावले तर शवविच्छेदन आणि पंचनाम्याशिवाय ते दगावले की विकले गेले हेही सिद्ध होत नाही.

एका बाबतीत माझे म्हणणे आज्ञा समज. डुकरांच्या शिकारीचे गावठी बॉम्ब, गिट्टी खदानीतल्या जिलेटिनच्या कांड्या, डिटोनेटर, यांतले काहीही मुद्देमाल खोलीत घेऊ नकोस. बॉम्बशोधक पथकाला कळव आणि साठवणूक व नाश यांचे आदेश लेखी घे. नोव्हेंबर २०२५ मध्ये श्रीनगरजवळच्या नौगाम पोलीस ठाण्यात जप्त स्फोटकांचे नमुने घेताना स्फोट झाला आणि त्यात पोलीस व तज्ज्ञ मरण पावले.

निकाल लागला की पैरवी अंमलदाराकडून (ठाण्याचे कोर्टातले काम बघणाऱ्याकडून) निकालपत्राची प्रत माग आणि शेवटचा परिच्छेद वाच. मुद्देमालाचे काय करायचे ते तिथेच लिहिलेले असते. फिर्यादीला परत, नाश किंवा सरकारजमा. बहुतेक आदेशांत अपिलाची मुदत संपल्यानंतर अशी अट असते, तेव्हा अपील झाले आहे का याची खात्री लेखी करून घे. सरकारजमा मालाचा लिलाव झाला, तर रक्कम चलनाने कोषागारात जाते, आणि आपल्यापैकी ज्याच्यावर त्या विक्रीची जबाबदारी आहे त्याने बोली लावणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०३ खाली गुन्हा आहे. नातेवाइकाच्या नावावर घेतले तरी तोच. भंगारातली मोटारसायकल कोणी ‘बाजूला ठेव’ म्हणाले, तर त्याला हे कलम शांतपणे दाखव, तो तुझ्यापेक्षा कितीही वरचा असला तरी.

फसवणुकीच्या गुन्ह्यांत आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०७ प्रमाणे गुन्ह्यातून मिळवलेली मालमत्ता जप्त करून तिची रक्कम जिल्हा दंडाधिकाऱ्यांमार्फत पीडितांना वाटण्याची तरतूद आहे. तुझ्या ठाण्यात असे प्रकरण आले, तर पीडितांची यादी आणि प्रत्येकाची रक्कम याची नोंद पहिल्या दिवसापासून वेगळी ठेव.

सोबत न्यायालयाला द्यायच्या नाशाच्या परवानगीच्या अर्जाचा मसुदा आणि सुपूर्दनाम्याचा नमुना पाठवत आहे. कलमांचे आकडे मी नव्या संहितेप्रमाणे बदलले आहेत. सरकारी वकिलांना एकदा दाखवून घे. मोजणीत न जुळणाऱ्या नोंदींची यादी झाली की मला पाठव, एकेक बघून कोणत्या कार्यालयात काय विचारायचे ते कळवतो.

तुझा,
काका