सोलर बसवलंत, आता वही ठेवा

पॅनेल बसले, छान झालं. आता दर महिन्याला नेट मीटरवरचे दोन्ही आकडे, वीज कंपनीकडून घेतलेले युनिट आणि तिला दिलेले युनिट, वहीत लिहा आणि हेस्कॉमच्या, म्हणजे कर्नाटकातल्या आपल्या वीज कंपनीच्या, बिलाशी ताडून बघा. बिल कन्नडमध्ये आहे म्हणून सोडू नका. कन्नड वाचणाऱ्या शेजाऱ्याकडून रकाने एकदा समजून घ्या.

लाईट गेली की बिनबॅटरीचं सोलरही बंद पडतं. तारेवर चढलेल्या लाईनमनला शॉक बसू नये म्हणून सोलरचा इन्व्हर्टर स्वतःच थांबतो, तो बिघाड नाही. पहिल्यांदा मीही घाबरलो होतो.

पावसाळ्यात उत्पादन घटणारच, बेळगावजवळच्या खानापूरकडे तर जास्तच. उन्हाळ्यात धूळ बसते. पॅनेल सकाळी लवकर धुवा, तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका. ३ किलोवॅटला केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेचं ७८,००० रुपये अनुदान मिळतं, ते बँक खात्यात जमा झालंय का तेही पाहा.