चेंबर तुंबलं की कोणाला धरायचं?

गेल्या अंकात सहज लिहिलं होतं की ड्रेनेजबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा, तर ढिगाने मेसेज आले. अर्ध्यांत नुसत्या शिव्या आहेत, त्या मी ३२ वर्षं ड्रेनेज खात्यात नोकरी करून आधीच ऐकल्यात, त्यामुळे बाजूला ठेवल्या. उरलेल्यांतले पाच घेतोय.

प्रश्न: सर, आम्ही पुण्यात सिंहगड रोडला तळमजल्यावर राहतो. जोराचा पाऊस आला की बाथरूमच्या जाळीतून घाण पाणी उलटं वर येतं. वॉर्ड ऑफिसचा माणूस येऊन म्हणाला, "तुमच्याच सोसायटीची चूक आहे" आणि गेला. असं कसं म्हणू शकतो तो?

म्हणू शकतो, आणि वाईट वाटेल पण बहुतेक बरोबर म्हणाला असेल.

रस्त्याखाली दोन वेगळ्या लाईन असतात, निदान कागदावर तरी. एक मैलापाण्याची, ती एसटीपीकडे, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटकडे जाते. दुसरी पावसाळी, ती सरळ ओढ्यात नाहीतर नदीत. आता तुमच्या गच्चीचे पाईप खाली कुठे सोडलेत ते एकदा बघा. बिल्डरने काम संपवायच्या घाईत, किंवा पार्किंगमध्ये पाणी साचतं म्हणून नंतर कोणा चेअरमनने, ते पाईप जवळच्या ड्रेनेज चेंबरला जोडून टाकलेले असतात. मला तर अशा सोसायट्या मोजायचा कंटाळा आला होता.

हिशोब करून बघा. ४० फ्लॅट, घरटी चार माणसं, माणशी १३५ लिटर पाणी, त्यातलं ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं असं आम्ही डिझाईनला धरतो, म्हणजे दिवसभरात साधारण १७ हजार लिटर. आणि ५०० चौरस मीटरच्या गच्चीवर तासाला ५० मिलिमीटर पाऊस झाला तर एका तासात २५ हजार लिटर. म्हणजे अख्ख्या बिल्डिंगच्या दिवसभराच्या मैलापाण्यापेक्षा जास्त पाणी एका तासात त्याच पाईपमध्ये, आणि अशा दहा सोसायट्या एका लाईनवर असल्या की पाण्याला जायला जागाच उरत नाही, मग ते सगळ्यात खालचं तोंड शोधतं आणि ते तोंड तुमच्या बाथरूममध्ये आहे.

कायद्याचं म्हणाल तर महापालिकेच्या ड्रेनेजला परवानगीशिवाय काहीही जोडता येत नाही, त्यासाठी नोटीस देऊन जोड तोडता येतो. पण नोटीस काढायची म्हणजे आख्खा वॉर्ड दुखावणार, म्हणून कोणी काढत नाही. आणि उलटंही होतंच की, जिथे ड्रेनेज लाईन पोचलेलीच नाही तिथे मैलापाणी पावसाळी गटारात सोडलंय आणि ते बाराही महिने ओढ्यात वाहतंय. ते पाप सोसायटीचं नाही, पालिकेचं.

तुम्ही आधी गच्चीचे पाईप तोडून पावसाळी गटाराला किंवा शोषखड्ड्याला जोडून घ्या, आणि तुमच्या घराच्या लाईनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप, बसवा. मग शेजारच्या सोसायट्यांबद्दल लेखी तक्रार द्या. स्वतःचे हात स्वच्छ असले की तक्रारीला जोर येतो.

प्रश्न: परळला आमची खोली आहे. बिलात मलनिःसारण कर, मलनिःसारण लाभ कर वगैरे सगळं भरतो आणि दर पावसाळ्यात गुडघाभर पाणी. हा कर भरायचं थांबवलं तर?

तर दंड लागेल, एवढंच.

दोन गोष्टींची गल्लत होतेय. तुम्ही जे भरता ते मैलापाण्याचं. मुंबईत मीटर असेल तर पाणीपट्टीच्या ७० टक्के मलनिःसारण आकार लागतो. पावसाच्या पाण्यासाठी वेगळं बिल मुंबईत नाही, त्याचा पैसा पालिकेच्या सर्वसाधारण तिजोरीतून येतो, खातंसुद्धा वेगळं, पर्जन्य जलवाहिन्यांचं. म्हणून गुडघाभर पाण्यासाठी मलनिःसारण कर थांबवणं म्हणजे दूधवाल्याचा राग पेपरवाल्यावर.

दुसरं, कर आणि शुल्क यात कोर्ट फरक करतं. शुल्क घेतलं तर त्याबदल्यात काहीतरी सेवा दाखवावी लागते. कराला तसं नाही, कर म्हणजे कर, सेवा मिळाली नाही म्हणून परत मागता येत नाही. पालिकांना "कर" हा शब्द का आवडतो ते आलं का लक्षात?

पाणी का साचतं हे परळकराला मी काय सांगणार. जुनी गटारं तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी बांधलेली, तीही निम्मं पाणी जमिनीत मुरेल असं धरून. आता मुरायला जमीन कुठेय? समुद्राला मिळणारी तोंडं १८६, त्यातली ४५ समुद्राच्या सरासरी पातळीच्या खाली आणि १३५ भरतीच्या पातळीच्या खाली, राहिली फक्त ६. भरती आणि पाऊस एकत्र आला की पाणी बाहेर जायच्या ऐवजी आत येतं. या गटारांची क्षमता तासाला ५० मिलिमीटर करायचा ब्रिमस्टोवॅड नावाचा अहवाल १९९३ चा आहे आणि तो खऱ्या अर्थाने हलला २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडल्यावर. त्यातलं माहुलचं पंपिंग स्टेशन अनेक वर्षं मिठागराच्या जागेत अडकून राहिलं. इंजिनिअरिंगचं काम अवघड नव्हतं हो, जागा कोणाची आणि परवानगी कोणाची यातच वर्षं गेली.

हां, एक ठिकाण मात्र आहे जिथे आता पैसे मागता येतात. खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर कुटुंबाला ६ लाख आणि जखमीला ५० हजार ते अडीच लाख भरपाई, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिलाय. २०१७ च्या पावसात एक नावाजलेले डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले तेव्हा असं काही ठरलेलं नव्हतं.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत एडिसनला असतो. इथे "रेन टॅक्स"वरून भांडणं चाललीत, घराच्या छपरावर आणि ड्राइव्हवेवर पैसे लावणार म्हणे. हे काय नवीन?

नवीन नाही, आणि मला विचाराल तर कल्पना चांगली आहे. न्यू जर्सीने २०१९ च्या कायद्याने गावांना पावसाच्या पाण्याची वेगळी युटिलिटी काढायची मुभा दिली, सक्ती नाही. पाणी न मुरणारी जागा जितकी जास्त तितके पैसे जास्त. यात मोठ्ठ्या पार्किंगवाला मॉल सापडतो, आणि घरपट्टीतून सूट असलेल्या संस्थासुद्धा, कारण हा कर नाही, शुल्क आहे. आता परळचं उत्तर परत वाचा, तोच वाद! मिशिगनच्या लॅन्सिंग शहरात १९९८ ला तिथल्या वरच्या कोर्टाने हे शुल्क नसून कर आहे, लोकांचं मत न घेता लावता येणार नाही असं म्हणून ते रद्द केलं होतं. मेरीलँडने २०१२ ला सक्ती केली आणि लोकांच्या ओरड्याने २०१५ ला मागे घेतली. पाऊस कोणावर पडतो हे सगळ्यांना मान्य असतं, बिल कोणी भरायचं तिथे घोडं अडतं.

प्रश्न: भिगवणला उजनीच्या बॅकवॉटरवर आमची मासेमारी आहे. पुण्याची सगळी घाण आमच्याकडे. हरित लवादाने कोट्यवधीचा दंड केला असं पेपरात येतं, त्यातला रुपया तरी आम्हाला मिळतो का, आणि मग पाणी का सुधारत नाही?

दादा, तुमचा प्रश्न सगळ्यात अवघड आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

नियम तर सगळे आहेत. १९७४ चा जलप्रदूषण कायदा आहे, त्यात महापालिकेलाही नदीत पाणी सोडायला प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते, कारखान्यासारखीच. फेब्रुवारी २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पालिकांनी तीन वर्षांत एसटीपी उभे करा, पैसे नाहीत हे कारण चालणार नाही, लोकांकडून आकार घ्या. मग हरित लवादाने, म्हणजे पर्यावरणाच्या खटल्यांच्या कोर्टाने, मुदत चुकवणाऱ्यांना एका एसटीपीमागे महिन्याला १० लाख लावायचं ठरवलं, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये घनकचरा आणि सांडपाणी मिळून महाराष्ट्राला १२ हजार कोटी भरायला सांगितले.

आता हे १२ हजार कोटी जायचे कुठे, तर वेगळ्या खात्यात, आणि ते खातं चालवायचं मुख्य सचिवांच्या सूचनेने, एसटीपी वगैरे करायला. म्हणजे राज्याच्या एका खिशातून दुसऱ्या खिशात. तुमच्या जाळ्यात काही पडणार नाही. ज्याने घाण सोडली त्याने भरायचं हे तत्त्व ऐकायला छान आहे, पण पालिकेला दंड म्हणजे शेवटी करदात्याला दंड. आयुक्त तर तोवर बदलून गेलेले असतात.

पालिकेची बाजूपण सांगतो, नाहीतर जुने सहकारी मला चहाला बोलावणार नाहीत. एसटीपीतून बाहेर पडणारं पाणी किती शुद्ध हवं याचा आकडाच स्थिर नव्हता. बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते त्याचं माप, जितका कमी तितकं पाणी शुद्ध, २०१५ च्या मसुद्यात १० होता. २०१७ च्या अधिसूचनेत मोठ्या शहरांना २० आणि बाकीच्यांना ३० झाला. २०१९ ला लवादाने परत १० वर आणला. आकडा बदलला की प्लांटचं डिझाईन बदलतं, डिझाईन बदललं की टेंडर परत. मुंबईच्या सात प्लांटची, २४६४ एमएलडीची (एक एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर), टेंडरं या सगळ्यात वर्षानुवर्षं रखडली. पुण्याचं बघा, जपानच्या जायका कर्जातून ११ प्लांट, ३९६ एमएलडी, ९९० कोटी. कर्जाचा करार २०१६ चा, काम सुरू व्हायला २०२२ उजाडलं, कारण जागा ताब्यात नव्हत्या आणि टेंडरंही नीट लागत नव्हती.

पण एवढं ऐकून पालिकेवर दया दाखवू नका. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालात देशातल्या शहरांचं सांडपाणी ७२,३६८ एमएलडी, चालू प्लांटची क्षमता २६,८६९ आणि प्रत्यक्षात शुद्ध होतं २०,२३५. म्हणजे जे प्लांट चालू आहेत तेही पूर्ण भरत नाहीत, कारण प्लांट बांधला पण तिथपर्यंत लाईन नेली नाही. प्लांटचं उद्घाटन होतं, लाईनचं होत नाही.

तुम्ही एक करा. माहिती अधिकारात राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून नदीच्या वरच्या बाजूच्या एसटीपींची संमतीपत्रं आणि गेल्या वर्षभराचे पाण्याच्या तपासणीचे रिपोर्ट मागवा. संमतीत लिहिलेला आकडा आणि रिपोर्टमधला आकडा शेजारी ठेवा. लवादाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यातच आहे, आणि नुकसानभरपाईचा अर्ज नुकसान झालेल्या माणसाला स्वतः करता येतो, पाच वर्षांच्या आत. दंड राज्याच्या खिशात जातो, भरपाई तुमच्या नावाने मागायची असते, हा फरक लक्षात ठेवा. मासे कधी मेले, किती मेले, विक्री किती पडली याची तारखेसकट वही आजपासून ठेवा, फोटो काढा. वही नसेल तर वकील काही करू शकत नाही.

प्रश्न: पिंपरी-चिंचवडमध्ये सोसायटीची सेक्रेटरी आहे. बिल्डरने दिलेला एसटीपी दोन वर्षं बंद आहे, पालिकेची पाणी तोडायची नोटीस आलीय. शिवाय टाकी साफ करायला एक माणूस दोन हजारात उतरायला तयार आहे. उतरवू का?

ताई, नाही. पत्र वाचून आधी हेच लिहायला घेतलं.

हाताने मैला साफ करायला बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने कोणालाही सेफ्टी साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवता येत नाही, हे पालिकेला लागू तसंच तुम्हालाही. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. माणूस मेला तर भरपाई सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाख केलीय. बंद एसटीपीच्या टाकीत गॅस साचलेला असतो, वास येईनासा झाला की तो जास्त धोक्याचा, आणि पहिला पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो. सक्शनची गाडी मागवा, आठ-दहा हजार जातील, जाऊ देत.

नोटिशीचं नंतर. बिल्डरने प्लांट चालू करून ताबा दिल्याचा कागद आहे का ते शोधा. नसेल तर पालिकेला लेखी कळवा की हस्तांतरणच झालेलं नाही, बिल्डरलाही पार्टी करा, आणि दुरुस्तीला तीन महिन्यांची मुदत मागा. असेल, तर वीजबिल वाचवायला तुम्हीच बंद केलात ना? मग जनरल बॉडी बोलवा आणि मेंटेनन्स वाढवा.