वैद्यकीय विद्यार्थ्यांना रुग्णालयातील धोके ओळखायला कोणत्या वर्षी आणि किती तास शिकवावे?

मी डॉक्टर नाही. बेळगावच्या एका रुग्णालयात मेडिसिन वॉर्डची इनचार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झाले, आणि आपल्या प्रश्नातील ‘तास’ हा शब्द वाचून जुना वाद आठवला. जागतिक आरोग्य संघटनेने रुग्णसुरक्षेचा अभ्यासक्रम वैद्यकीय महाविद्यालयांसाठी 2009 मध्येच काढला होता. तरीही हा विषय व्याख्यानात उरकण्याचाच आहे, असे आमच्याकडे मानले जाई.

खानापूर भागातील एक मधुमेही आजोबा भरती होते. घरून आणलेल्या इन्सुलिन पेनच्या सुया संपल्या, तेव्हा इंटर्नने पेनमधल्या औषधाच्या नळीतूनच (कार्ट्रिज), ट्रेमधल्या लाल टोपीच्या सिरिंजने, 20 च्या रेघेपर्यंत औषध ओढले. लाल टोपीची सिरिंज मिलिलिटरमागे 40 युनिटच्या इन्सुलिनसाठी असते, कार्ट्रिजमध्ये मात्र 100 युनिटचे होते. म्हणजे 20 समजून 50 युनिट गेले. मध्यरात्रीनंतर आजोबा घामाने डबडबून बरळू लागले. रात्रपाळीच्या सिस्टर केरळच्या. त्यांना आजोबांचे मराठी कळेना, आणि ते झोपेत बोलत असावेत असे वाटण्यात काही मिनिटे गेली. अखेर साखर तपासून शिरेतून डेक्स्ट्रोज (साखरेचे द्रावण) दिले आणि आजोबा वाचले.

सकाळच्या राउंडला सरांनी त्या मुलाला सगळ्यांसमोर फैलावर घेतले. लाल आणि (100 युनिटसाठीच्या) नारिंगी टोप्यांच्या सिरिंजा मात्र त्याच ट्रेमध्ये राहिल्या. “सर, हा ट्रेच विद्यार्थ्यांना दाखवू या,” असे मी सुचवले, तर उत्तर मिळाले, “सिस्टर, अभ्यास असेल तर चुका होत नाहीत.” त्या मुलाला इन्सुलिनची मात्रा तोंडपाठ होती, हे मी त्या दिवशी बोलले नाही, ते आज बोलते. त्यानंतर वॉर्डात कोणीही इंटर्न आपली चूक आपणहून सांगायला आला नाही.

पुढे एका रिकाम्या खोलीत मी स्वतःच मांडामांड केली: खाटेचा कठडा खाली, ऑक्सिजनचा सिलिंडर साखळीविना उभा, सलाइनच्या अँप्युलच्या (औषधाच्या छोट्या कुप्या) ढिगात पोटॅशियम क्लोराइडची एक अँप्युल, टोपण परत चढवलेली वापरलेली सुई, केसपेपरवर एक नाव आणि मनगटावरच्या पट्टीवर दुसरे. दहा मिनिटांत काय चुकले ते लिहायचे, एवढेच काम. हुशार मुले सुई आणि कठडा लगेच लिहीत. पोटॅशियम बहुतेकांच्या नजरेतून सुटे, आणि ते थेट शिरेत गेले तर हृदय बंद पडू शकते हे मात्र त्यांना पाठ असे. माझ्या मते हेच शिक्षण आहे, आणि ते वॉर्डात पाऊल टाकण्याच्या पहिल्याच आठवड्यात, सिस्टरांच्या हाताखाली व्हावे. सिस्टरांकडून शिकण्यात ज्यांना कमीपणा वाटतो, त्यांचा इलाज मला ठाऊक नाही.

आमच्या सीमाभागासाठी एक भर घालते. “तुम्ही पाटील ना?” असे कधीही विचारू नये, भाषा न कळलेला रुग्णही मान डोलावतो, आणि एका वॉर्डात तीन पाटील असतात. “तुमचं नाव काय?” किंवा कन्नडमध्ये “निम्म हेसरेनु?” असे विचारून नाव रुग्णाच्याच तोंडून ऐकावे.

हा अनुभव एकाच वॉर्डचा आहे, आणि एका सिस्टरवर चाळीस रुग्ण असतील तर अशा मांडामांडीचा फारसा उपयोग नाही, हेही मान्य करते. उघड हलगर्जीपणाला रागावलेच पाहिजे. पण ते रागावणे सिरिंजांचे ट्रे वेगळे केल्यावर, आणि चार भिंतींच्या आत.