‘पोट कापून घेणार?’ : शेऱ्यामागचा प्रश्न

‘तोंडावर ताबा ठेव की, पोट कशाला कापून घेतेस?’ वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाकडून हे वाक्य माझ्या कानावर येतं. शब्द तेवढे बदलतात. कुणाचे वडील म्हणतात, ‘धडधाकट माणूस आपणहून टेबलावर जाऊन झोपतो का?’ कुणाची बहीण म्हणते, ‘पैसे जास्त झालेत.’ मानसिक तयारी पाहण्यासाठी सर्जन ज्यांना माझ्याकडे पाठवतात, त्यांतल्या बऱ्याच जणांनी शस्त्रक्रियेचा धसका घेतलेलाच नसतो. घरात हा विषय काढायचा कसा, या विचाराने त्यांची झोप उडालेली असते.

शुभांगीचंही तसंच होतं. (तिच्या संमतीने लिहिते आहे, नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) वय ३९, बँकेत नोकरी, घरात नवरा, एक मुलगा आणि सासूबाई. वजन १०४ किलो, उंची १५६ सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) ४३ च्या घरात. मधुमेहाच्या दोन गोळ्या चालू असूनही तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ८.६ टक्के. झोपेत श्वास अडकायचा, सकाळी डोकं जड. भारतात बीएमआय ३७.५ च्या वर असेल, किंवा ३२.५ च्या वर असून सोबत मधुमेहासारखा आजार असेल, तर या शस्त्रक्रियेचा विचार करत आले आहेत; नव्या शिफारशींत ही मापं आणखी खाली आली आहेत. शुभांगी या मापात केव्हाच बसत होती. सर्जननी तिला स्लीव्ह, म्हणजे जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया, सुचवली होती.

पहिल्या भेटीत ती शस्त्रक्रियेबद्दल फारसं बोललीच नाही. घरात कोण काय म्हणालं तेच सांगत राहिली. सासूबाई म्हणाल्या, ‘आमच्या घरात कुणी पोट कापून घेतलं नाही.’ नणंद फोनवर म्हणाली, ‘वहिनी, हा आळशी माणसाचा मार्ग झाला.’ नवरा म्हणाला, ‘तुझं तू ठरव.’

“यातलं सगळ्यांत जास्त कुणाचं लागलं?”

“ताईंचं. आळशी म्हणाल्या ते.”

“त्यांना काय उत्तर दिलंत?”

“काय देणार मॅडम? खरंच आहे ना ते.”

मी तिथेच थांबले. इतकी वर्षं माणसांचं ऐकल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे: बाहेरून आलेलं वाक्य आत रुततं, कारण आत त्याला आधीच जागा केलेली असते. नणंदेने दिलेला शेरा शुभांगीने स्वतःला कितीतरी वर्षं आधी देऊन ठेवला होता. तो तसाच ठेवून घरच्यांना पटवायला गेली असती, तर प्रत्येक वादात तिने मनातून समोरच्याचीच बाजू घेतली असती. म्हणून घरच्यांकडे वळायची घाई मी करत नाही.

पुढच्या भेटीला मी तिला जुने डाएटचे कागद आणायला सांगितलं. ती कोपरे फाटलेली, फुगलेली प्लॅस्टिकची फाइल घेऊन आली. आहारतज्ज्ञांचे तक्ते, जिमच्या पावत्या, मासिकातली कात्रणं, सगळं त्यात होतं. एका तक्त्यावर तुपाचा डाग होता. आम्ही सगळे कागद टेबलावर तारखेने लावले आणि एका कोऱ्या पानावर तिनेच आकडे लिहिले. ८२ वरून ७३. मग ८६ झालं, तिथून ७५. मग ९०, तिथून ८२. मग ९८, तिथून ८४. आणि आज १०४.

“आता फक्त कमी केलेल्या किलोंची बेरीज करा.”

बँकेतली बाई. तोंडानेच हिशेब केला. “नऊ, वीस, अठ्ठावीस… बेचाळीस.”

“बेचाळीस किलो कमी करणाऱ्या बाईला तुम्ही काय म्हणाल?”

ती कागदाकडे बघत बसली. मीही बोलले नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली, “मी हे कधी मोजलंच नाही. मी फक्त वाढलेलं मोजलं.”

माझ्या कामात असा क्षण रोज येत नाही. बेरीज तिने केली, वाक्यही तिला सुचलं, म्हणून ते टिकलं. मी ‘तुम्ही आळशी नाही हो’ असं दहादा म्हटलं असतं, तरी ते दारातच गळून पडलं असतं.

त्यानंतर शरीराचा भाग समजावणं सोपं गेलं. उपासमार करून वजन उतरवलं की शरीर ते दुष्काळासारखं धरतं. भूक लावणारं घ्रेलिन हे संप्रेरक वाढतं आणि बसल्या जागी खर्च होणारी ऊर्जा घटते. वजन परत चढतं त्यात या दोन्हींचा मोठा हात असतो. स्लीव्हमध्ये दुर्बिणीतून, चार-पाच छोट्या छिद्रांतून, जठराचा साधारण पाऊण भाग काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी ठेवतात. आतड्यांना हात लावत नाहीत. घ्रेलिन मुख्यतः तयार होतं तो जठराचा वरचा फुगीर भाग निघून जातो, म्हणून जागा कमी होते तशी भूकही मंदावते. पण हा सोपा मार्ग नव्हे. काढलेलं जठर परत बसवता येत नाही. ब१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या आणि ठरावीक रक्ततपासण्या आयुष्यभर. काहींना आम्लपित्त वाढतं. आणि वर्षा-दीड वर्षानंतर भूक थोडी परतते, तेव्हा शिस्त पुन्हा आपलीच लागते.

मग घरच्यांकडे वळलो. मी तिला वहीत दोन रकाने आखायला सांगितले: एकात घरात पडलेलं वाक्य जसंच्या तसं, दुसऱ्यात त्यामागे दडलेला प्रश्न असेल तर तो. शेऱ्याला उत्तर द्यायचं नाही, प्रश्नाला द्यायचं. ‘पैसे जास्त झालेत’ यामागचा प्रश्न होता, ‘मुलाच्या बारावीचं काय?’ तो रास्त होता, आणि त्याला आकड्यांत उत्तर देता येत होतं. आरोग्यविम्यात ही शस्त्रक्रिया सरसकट बसत नाही. साधारणपणे बीएमआय ४० किंवा जास्त, अथवा ३५ आणि सोबत आटोक्यात न येणारा मधुमेह, झोपेतला गंभीर श्वासरोध, हृदयविकार अशा अटी असतात, प्रतीक्षाकाळही असतो. त्यामुळे पॉलिसी वाचून लेखी पूर्वमंजुरी घ्यायची आणि तो कागद घरात दाखवायचा. ‘तिकडे एक बाई गेली म्हणे’ यामागचा प्रश्न होता, ‘तू वाचशील ना?’ अनुभवी केंद्रात मृत्यूचा धोका साधारण हजारात एक किंवा त्याहून कमी, पित्ताशय काढण्याच्या शस्त्रक्रियेइतकाच आहे. तो शून्य आहे असं मात्र सांगू नये. शून्य म्हणणाऱ्यावर घरचे विश्वास ठेवत नाहीत, आणि बरोबरच करतात.

काही शेऱ्यांसमोरचा रकाना रिकामाच राहतो. नणंदेच्या ‘आळशी’समोर शुभांगीला काहीच लिहिता आलं नाही. अशांसाठी एकच वाक्य ठरवायचं आणि तेच, त्याच आवाजात, परत म्हणायचं: ‘ताई, डॉक्टर आणि मी मिळून ठरवलंय.’ पुढे स्पष्टीकरण जोडायचं नाही. स्पष्टीकरण दिलं की वादाला दुसरा धागा मिळतो.

नवऱ्याला मी वेगळं बोलावलं.

“मी तिला कधीच अडवलं नाही,” ते म्हणाले.

“नाहीच अडवलंत. पण ‘तुझं तू ठरव’ म्हटल्यावर तिला काय ऐकू गेलं असेल?”

ते थोडा वेळ गप्प राहिले. “काही वाईट झालं तर माझ्यावर नको, असं?”

गृहस्थ प्रामाणिक होते. अशा माणसाला समजुतीच्या गोष्टी सांगण्यापेक्षा काम द्यावं. मी त्यांना एक कागद दिला. घरी आल्यावर पहिले दोन-तीन आठवडे रोज नाडी आणि ताप लिहायचा. बसल्या जागी नाडी १२० च्या वर, ताप, वाढतं पोटदुखणं, डाव्या खांद्यात कळ, धाप, पिंडरी सुजून दुखणं किंवा पाणीसुद्धा न टिकणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न पाहता सर्जनना फोन. जठराच्या टाक्यांतून गळती झाली तर ती बहुधा याच काळात होते, आणि लवकर कळली तर सावरता येते. घरात निदान एका माणसाला हे पाठ असावं लागतं. म्हणून शस्त्रक्रिया घरापासून पूर्ण लपवून करायचा बेत मी कुणालाच करू देत नाही. शेजारी, ऑफिस, लग्नातली मावशी यांना मात्र काही देणं लागत नाही. ‘पोटाचं ऑपरेशन झालंय, खाणं बदलायला सांगितलंय,’ एवढं सांगितलं तरी ते खरंच असतं.

राहिल्या सासूबाई. त्या आल्या त्या हातातली पिशवी मांडीवर घट्ट धरूनच बसल्या.

“काकू, तुम्हाला काय वाटतं, काय करतात या ऑपरेशनमध्ये?”

“पोटाची चरबी कापतात. आणि मग बाई जन्मभर पाण्यावर.”

मी कागदावर जठर काढून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं, पण चेहरा सैल झाला नाही. मग मी विचारलं, “घरात स्वयंपाक कोण करतं?”

“मीच. ती सातला डबा घेऊन जाते. सतरा वर्षं झाली.” आणि जरा थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “आता काय, पावडरी खाणार. माझ्या हातचं चालायचं नाही.”

‘आमच्या घरात कुणी पोट कापून घेतलं नाही’ या वाक्यासमोरचा रकाना शुभांगीला तीन आठवडे भरता आला नव्हता. तिथे हा प्रश्न होता. आपल्याकडे माया ताटातून वाढली जाते. ताट लहान होणार म्हटल्यावर वाढणाऱ्या हाताला आपलं काही उरणार नाही असं वाटतं, आणि ते वाटणं रागाचे कपडे घालून बाहेर येतं. बाईंना विरोधक समजून मी वैद्यकीय माहितीचा मारा केला असता, तर हे कधीच हाती लागलं नसतं.

“काकू, पुढचे दोन महिने सगळ्यांत अवघड काम तुमचंच आहे,” मी म्हटलं, आणि ते खरंच होतं.

पहिले दोन आठवडे पातळ: पाणी, गाळलेलं सूप, ताक, दूध. सुरुवातीला एका वेळी जेमतेम ३० मिलि, तेही घोट घोट. मग दोन आठवडे घुसळलेलं, पेजेसारखं. मग मऊ: मुगाचं धिरडं, अंड्याची भुर्जी, चक्का. साधं जेवण साधारण दीड-दोन महिन्यांनी. जेवताना पाणी नाही. जेवणानंतर निदान अर्धा तास थांबायचं. दिवसाला ६० ग्रॅम प्रथिनं लागतात, आणि इथे मला त्यांचा एक समज मोडावा लागला. डाळीच्या वरच्या पाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतात. घट्ट वरणाच्या वाटीत सहा-सात ग्रॅम, एका अंड्यात सहा, १०० ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. छोट्या पोटात एवढं मावत नाही म्हणून सुरुवातीला पावडर लागते. ‘अजून एक घास’ हा आग्रह मात्र पूर्ण बंद. त्या एका घासाने उलटी होते आणि टाक्यांवर ताण येतो.

“तीस मिलि म्हणजे किती?” त्यांनी विचारलं. त्या खोलीतला त्यांचा तो पहिला खरा प्रश्न.

“खोकल्याच्या औषधाचं दहा मिलिचं झाकण असतं ना, तशी तीन.”

प्रत्येक घराची गोष्ट अशी वळत नाही. कधी घरच्यांच्या शेऱ्यात तथ्यही असतं, आणि ते मी रुग्णालाच सांगते. रात्री चोरून, ताबा सुटेपर्यंत खाणं चालू असेल, दारू सुटत नसेल, नैराश्यावर उपचार अर्धवट असतील, तर आधी ते. वर्षभरात मूल हवं असेल तर शस्त्रक्रियेची वेळ बदलावी, कारण नंतर १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायला सांगतात. सहा महिन्यांवर लग्न आहे म्हणून तारीख मागणाऱ्यांनाही मी थांबवते.

शेरे शस्त्रक्रियेनंतर संपत नाहीत, फक्त बदलतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात. वेगाने वजन उतरल्यामुळे हे होतं आणि बहुतेकांचे केस परत येतात, पण नेमका तेव्हाच चेहराही उतरलेला दिसतो. ‘बघ, सांगत होतो’ हे वाक्य त्याच महिन्यात येतं. म्हणून घरच्यांना हे आधीच सांगून ठेवावं. वजनाचा काटा मध्येच काही आठवडे अडतो, तेही. आणि दुखलं-खुपलं म्हणून ब्रुफेनसारखी गोळी कुणी प्रेमानेही देऊ नये, जठराला जखम होऊ शकते.

शुभांगीची शस्त्रक्रिया होऊन आता पाच महिने झाले. वजन ८३ आहे, मधुमेहाची एक गोळी डॉक्टरांनी बंद केली आहे. नणंदेचं मत तेच आहे. दिवाळीत तिने फराळाचं ताट पुढे करून परत तेच ऐकवलं. शुभांगीने ठरलेलं वाक्य म्हटलं आणि अर्धी चकली चावून चावून खाल्ली.

गेल्या भेटीला सासूबाईही सोबत आल्या होत्या. पिशवीतून त्यांनी भिंतीवरच्या कालनिर्णयची सुटी केलेली जुनी पानं काढली. तारखांच्या चौकोनांत पेन्सिलीने लिहिलेलं होतं: ‘पातळ’, ‘पेज’, ‘मऊ’, एका चौकोनात ‘धिरडं अर्धं, पचलं’. पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक चौकोनात फक्त आकडे होते. त्या दिवशी किती झाकणं गेली त्याचे.