आधी मळका स्पंज, मग मासे

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहतो. नातवाच्या पाचव्या वाढदिवसाला दोन गोल्डफिश आणले, त्याला आता अडीच वर्षं होतील. एक केशरी, दुसरा पांढरा, डोक्यावर लाल टोपीवाला. दीड फुटी टाकीत आहेत. केशरी शेपटीसकट माझ्या तळहाताएवढा झालाय, वळताना काचेला घासतो. शेजारचं कुटुंब पुण्याला राहायला गेलं, जाताना त्यांनी आपली तीन फुटी टाकी आम्हाला दिली. दुकानदार म्हणतो, टाकी धुवा, भरा, औषधाचे थेंब टाका, मासे सोडा; तासाभराचं काम. सूनबाई म्हणते, मासा टाकीएवढाच वाढतो, उगाच पसारा कशाला? नातू रोज विचारतो, "आबा, आज शिफ्टिंग का?" काय करू?
– एक आजोबा, ठाणे (प.)

उत्तर : काका, टाकी जरूर मोठी करा. पण आज नको. नातवाला पंधरा दिवस थोपवून धरा आणि तोवर त्यालाच कामाला लावा. काम भरपूर आहे.

सूनबाई म्हणतात ते मी कितीतरी घरांत ऐकलंय. मासा टाकी बघून आपली वाढ आवरत नाही. थोड्या पाण्यात त्याचीच घाण साठत जाते, त्यात तो खुरटतो आणि लवकर जातो. साधा गोल्डफिश चांगला राहिला तर फूटभर होतो. तुमचा टोपीवाला ओरांडा जातीचा दिसतो, तोही सहा-आठ इंचांपर्यंत जातो. इंग्लंडमध्ये टिश नावाचा गोल्डफिश होता. १९५६ साली एका जत्रेत बक्षीस म्हणून मिळालेला, तो १९९९ मध्ये गेला, ४३ वर्षांचा होऊन. आपल्या उकाड्यात एवढी अपेक्षा नको, पण दहा-दहा वर्षं जगलेले मासे माझ्या घरात होते.

आता दुकानदाराचं. तासाभराचं काम मी एकदा केलंय. १९९८ चा मे महिना, चरईतलं आमचं जुनं घर. दोन फुटी टाकीतून तीन फुटीत जायचं होतं. मला असंच एका दुकानात सांगितलं, सगळं स्वच्छ धुवून घ्या. मी फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून पांढरा होईपर्यंत पिळला, खडी गच्चीत उन्हात वाळवली, पाणी सगळं नवं भरलं. दोन दिवस टाकी आरशासारखी. तिसऱ्या दिवशी सकाळी ओरांडा तळाशी कोपऱ्यात, पंख अंगाला चिकटवून बसलेला. शेपटीत केसाएवढ्या बारीक लाल रेषा आल्या होत्या. पाचव्या दिवशी गेला. एवढ्या नितळ पाण्यात तो कशानं गेला, हे समजायला मला पुढे वर्ष लागलं, आणि म्हणूनच हे उत्तर मी लांबवतेय.

मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतो. अमोनिया दिसत नाही, पाणी नितळच राहतं, पण माशाचे कल्ले भाजून निघतात. जुन्या टाकीत एका जातीचे जिवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषच. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते पुष्कळ सौम्य, आणि पाणी बदललं की जातं. हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात. ते राहतात फिल्टरच्या स्पंजात आणि खडीवर. तो तपकिरी, बुळबुळीत, हाताला किळसवाणा लागणारा स्पंज, तोच तुमच्या माशांचं खरं घर आहे. नव्या टाकीत ही वस्ती शून्यापासून बसायला चार ते सहा आठवडे लागतात. मी नळाखाली नेमकी तीच वाहून घालवली होती. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणू मारायलाच घातलेलं असतं.

तेव्हा असं करा. शेजाऱ्यांची टाकी मीठ आणि साध्या पाण्यानं घासा, काचेवरचे पांढरे डाग व्हिनेगरनं जातात. साबण अजिबात नको. मग बाल्कनीत सपाट जागी, खाली वर्तमानपत्र पसरून, काठोकाठ भरून दोन दिवस ठेवा. कागद कुठे ओला झाला तर काचांच्या सांध्यातलं सिलिकॉन गेलंय, ते आधी नीट करून घ्या. टाकी ३६ बाय १५ बाय १८ इंचांची असेल असं धरते. वर तीन इंच मोकळे सोडले तरी सुमारे १३३ लिटर पाणी बसेल. काच आणि खडी धरून पावणेदोनशे किलोच्या आसपास वजन होतं. टीव्हीच्या टेबलावर ती ठेवू नका. लोखंडी स्टँड, भिंतीलगतची जागा, खाली थर्माकोलची शीट, आणि खिडकीचं ऊन थेट येणार नाही असा कोपरा.

टाकी जागेवर बसेपर्यंत जुन्या टाकीत दुसरं काम सुरू करा. नवा फिल्टर आणून जुन्याच्या शेजारी तिथेच लावा, म्हणजे त्याच्यावरही वस्ती धरू लागेल. आणि रोज तीन-चार लिटर जुनं पाणी काढून तेवढं नवं घाला. हे का, ते सांगते. अडीच वर्षांच्या छोट्या टाकीतलं पाणी हळूहळू आंबट होतं, म्हणजे त्याचा पीएच उतरतो. आंबट पाण्यात अमोनिया असला तरी बराचसा निरुपद्रवी रूपात राहतो. मासा एकदम ताज्या पाण्यात गेला की पीएच चढतो आणि आसपास असलेला तोच अमोनिया जहरी होतो. पाणी गरम असेल तर आणखीच. रोज थोडं बदललं की दहा दिवसांत दोन्ही टाक्यांचं पाणी सारखं होतं आणि माशाला धक्का बसत नाही.

तुमच्या भागात टँकर येतात. पालिकेचं पाणी आणि टँकरचं पाणी यांच्या क्षारांत फरक पडू शकतो, म्हणून मोठी टाकी टँकरच्या दिवशी भरू नका. सोसायटीची टाकी धुऊन टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकली असेल तर त्यानंतर दोन दिवस पाणी घेऊच नका. एरवी बाटलीवर लिहिलेल्या मापानं अँटी-क्लोरीन घाला. दुकानदाराचे थेंब ते हेच. गरजेचे आहेत, पण ते फक्त क्लोरीन काढतात, जिवाणू आणून देत नाहीत.

शिफ्टिंगचा दिवस सुट्टीचा ठरवा. आदल्या दिवशी खाणं बंद. जुनं पाणी बादलीत काढून त्यात दोन्ही फिल्टर बुडवून ठेवा, स्पंज सुकता कामा नये. पिळायचाच असेल तर याच बादलीत, हलक्या हातानं. जुनी खडीही न धुता न्या. फिल्टर नव्या टाकीत चालू झाले की मासे. त्यांना जाळीनं काढू नका, ओरांडाची टोपी आणि डोळे जाळीत खरचटतात. पाण्याखाली वाडगं धरून पाण्यासकट उचला. ते पाणी पिशवीत ओतून पिशवी नव्या टाकीत वीस मिनिटं तरंगत ठेवा, दर पाच मिनिटांनी वाटीभर नवं पाणी पिशवीत घाला, मग सोडा. दिवे त्या रात्री बंद. नातवाला सांगा, मासे दोन दिवस कोपऱ्यात लपतील, काचेवर टिचक्या मारू नको.

पुढचे दहा दिवस टेस्ट किटनं अमोनिया आणि नायट्राइट रोज बघा. दोन्ही शून्य हवेत. थोडंही दिसलं तर त्याच दिवशी पाव टाकी पाणी बदला. खाणं निम्मं करा, दोन मिनिटांत संपेल तेवढंच. गोल्डफिशला जठर नसतं, खाल्लेलं लगेच पुढे सरकतं आणि पाणी खराब होतं. मासे वर येऊन तोंड उघडमीट करत असतील तर हवा कमी पडतेय. उन्हाळ्यात आपल्याकडे पाणी तिशीपार जातं आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून एअर पंप रात्रीही बंद करू नका. आवाज होतो म्हणून बंद करणारे पुष्कळ आहेत. पंपाखाली जाड स्पंजचा तुकडा ठेवा, आवाज निम्मा होईल. आणि पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, नाहीतर वीज गेली की नळीतून पाणी उलटं येऊन पंपात शिरतं.

प्रश्न : आमचे तीन गोल्डफिश टाकीत मावेनासे झालेत. नवी टाकी घेणं जमत नाही. जवळच धारण तलाव आहे, तिथे सोडले तर जगतील ना?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : कदाचित जगतील, आणि अडचण तीच आहे. गोल्डफिश मूळचा चीनमधला, कार्प कुळातला. तळाची माती उकरून पाणी गढूळ करतो, आपल्या माशांची अंडी खातो, टाकीतले रोग बरोबर नेतो. तलावात नको, खाडीत नको, देवळाच्या तळ्यातही नको. आसपासच्या शाळेत किंवा सोसायटीच्या ग्रुपवर विचारा, मोठी टाकी असलेलं कुणीतरी असतंच. कुणी घेतले तर माशांबरोबर तुमचा जुना स्पंजही त्यांना द्या.